पिंपात गप्प बसायचं नाही

आमच्याकडे सिद्राचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, पिंप धुवायला आत शिरलेल्या माणसानं गप्प बसायचं नाही, गात राहायचं. तळाचा गाळ कुजला की आतली हवा माणसाला गपकन लोळवते, आणि बाहेरच्याला ते कळायचं कसं? गाणं थांबलं की आधी पाय धरून ओढायचं, चौकशी मग.

माझा नवरा निकानोर गायचा म्हणजे रेकायचाच. एकच गाणं, तेही अर्धं. याच्या आवाजानंच सिद्रा आंबते, सफरचंदांचा काही संबंध नाही, असं शेजारी म्हणायचे. आणि मेला मध्येच मुद्दाम गप्प व्हायचा. मी हातातली बादली टाकून धावायची, "निकानोर! अरे ए निकानोर!" मग पिंपाच्या त्या छोट्या दारातून डोकं बाहेर काढून दात दाखवायचा. मी ओलं फडकं फेकून मारायची. दर शरदात हेच, आणि दर शरदात मी फसायची.

दोन वर्षांपूर्वी असाच जेवून खुर्चीत बसला होता. गुणगुणता गुणगुणता गप्प झाला. मी भांडी घासत होते. म्हटलं, पुरे झाली नाटकं, यंदा मी नाही फसायची. भांडी आवरली आणि मग मागे वळून पाहिलं.

तो गेला तेव्हापासून पिंप कोरडंच. रिकामं लाकूड खराब होतंच, तसं तेही व्हायला लागलं. यंदा सफरचंदं पडायला लागली तशी लेक सेलेस्ता खिहोन शहरातून आली. तिचं म्हणणं असं, की स्टीलची टाकी घेऊ, नळीनं धुतली की झालं. पिंप एक खानावळवाला मागतोय, मधोमध कापून टेबलं करणार. मी तिला चार शब्द सुनावले. शेवटी ठरलं, की एकदा नीट धुवायचं. तरीही आंबूस वास आला, तर खुशाल ने.

कढत पाणी आणि सोडा ओतला, गाळ खरवडायला आत साखळी टाकली, दोघींनी पिंप गडगडा लोळवलं. काळं पाणी गेलं, पण सांदीतला गाळ काही सुटेना. सेलेस्ता अंगानं बापावर गेलेली, तिचे खांदे दारातून जाईनात. मी काय, काटकीच. आधी मेणबत्ती आत सारून पाहिली, जळत राहिली, म्हणजे हवा ठीक. मग मी ब्रश घेऊन शिरले.

"आई, गायचं हं."

मला गाणं कुठलं येणार? त्याचंच आलं, अर्धं, तसंच बेसूर. घासत घासत तो थांबायचा तिथवर आले आणि पुढचं मला ठाऊकच नव्हतं.

बाहेर बादली पडली. "आई? आई! अगं बोल ना!"

पिंपात हाक एका बाजूनं येत नाही. वरून, खालून, पाठीमागून, सगळं लाकूडच आपलं नाव घेतं. जन्मभर मी बाहेर उभी, मला हे कसं कळणार? अस्सं होय रे, लबाडा! वर्षभर माझ्या तोंडून एक गोड शब्द निघायचा नाही. इथे बसून तू माझा जीव तुटताना ऐकायचास. मी बोलायला हवं होतं, पण अजून एक हाक येऊ दिली.

तेवढ्यात तिनं घोटा धरून मला खेचलंच. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी धडधाकट आहे हे पाहिल्यावर तिनं ओलं फडकं माझ्या तोंडावर मारलं. "बाबांची खोड तुला कधीपासून लागली?"

मग मी तिला आत काय ऐकू येतं ते सांगितलं. तिनं पडलेली बादली उचलली. गार पाण्यानं पिंप खळबळून काढलं. वास ठीक असेल, तरच शेवटी आतून शुद्ध करायला गंधकाची वात जाळायची. मी दारात नाक घातलं. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण खराब पिंपात सिद्रा भरणं माझ्यानं व्हायचं नाही.

"येतोय," मी म्हटलं. "अजून आंबूस येतोय. ने तू."

सेलेस्तानं खाली वाकून वास घेतला. मग उठली, हंडा भरून पुन्हा चुलीवर चढवला.

"मग परत धुवायला लागेल," ती म्हणाली. "तू आत जा. मी मारते हाका."