राखणदाराचा मान

गुरुवारी सकाळी साडेदहाला 'खांड' नावाचा गेम ऑनलाइन दुकानात विक्रीला लागला. पावणेअकराला प्राप्तीला तिच्या भावाचा फोन आला की गेम तिथे नाही.

मितेश तेव्हा न्हावा शेवाच्या बाहेर ट्रेलर रांगेत लावून बसला होता. रांग हलत नसली की तो मांडीवर लॅपटॉप घेऊन ट्रक चालवायचा गेम खेळायचा, आणि दिवसभर खरा ट्रक चालवून हा माणूस पुन्हा ट्रकच चालवतो म्हणून घरात सगळे त्याला हसायचे. आज मात्र तो बहिणीचा गेम विकत घ्यायला बसला होता.

"नाव नीट टाक, दादा," प्राप्ती म्हणाली.

"टाकलंय. मला झोंबी दाखवतंय. एकाच्या हातात करवत हाय, दुसऱ्याला मुंडीच नाय. तुझा बांध कुठं गेला?"

प्राप्तीच्या स्क्रीनवर गेम व्यवस्थित दिसत होता. शेजारी बसलेल्या हर्षदच्याही. तिने भावाला दुकानाच्या सेटिंगमध्ये जायला सांगितलं. तिथे एक ओळ होती : प्रौढांसाठीचा मजकूर लपवा. तिच्यापुढे बरोबरची खूण होती. मितेशने ती कधी केली नव्हती. खातं उघडलं तेव्हापासून ती तशीच होती, आणि तशी ती बहुतेकांच्या खात्यात असते.

"म्हणजे तू घाणेरडा गेम केलास?" मितेशने विचारलं. "आईला काय सांगू?"

"आईला काही सांगू नको. खूण काढ आणि बघ."

त्याने खूण काढली. 'खांड' दिसला.

गेम साधा होता. खाडीकाठचं एक गाव, भातशेती, आणि शेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवणारा मातीचा बांध. खेळणाऱ्याने भरतीच्या आधी बांधाची भगदाडं चिखलाने बुजवायची, पाणी सोडायची उघाडी सांभाळायची. बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. एकदा खांड पडून खारं पाणी आत शिरलं की त्या जमिनीत पुढची काही वर्षं भात होत नाही. धरमतरच्या खाडीकाठी प्राप्तीच्या घरच्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं होतं. कोडिंग तिचं, चित्रं हर्षदची. हर्षद नागावचा. त्याच्या घरच्या होमस्टेतल्या मागच्या खोलीत दोघं तीन वर्षं बसत होते, आणि या हंगामात ती खोली पाहुण्यांना द्यायची असं त्याच्या आईने ठरवून टाकलं होतं.

प्रौढांसाठीची खूण प्राप्तीनेच केली होती. गेम देताना दुकान प्रश्न विचारतं : रक्त आहे का, दारू आहे का, प्राण्याला मारताना दाखवलंय का? 'खांड'मध्ये अवसेच्या रात्री उघाडीवरच्या राखणदाराला, म्हणजे बांध राखणाऱ्या देवाला, कोंबडा देतात आणि त्याच्या दगडावर दारूची धार सोडतात. हे सगळं कुठल्या चौकटीत बसवावं ते न कळून तिने सगळ्यात मोठ्या चौकटीत खूण केली आणि खाली खरं ते लिहिलं. करवतवाल्यांनी 'काल्पनिक हिंसा' एवढ्यावरच भागवलं होतं. ती चौकट कुणाच्या खात्यात आपोआप लपत नव्हती.

हे महिनाभर आधी कळलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण सोमवारपासून दुकान आठवडाभर खेड्यापाड्यांवरच्या गेमची एक ओळ पहिल्या पानावर लावणार होतं. त्यात 'खांड'ची निवड झाली होती. लपलेला गेम त्या ओळीत येत नाही, असं दुकानाच्या मदतकेंद्राने दुपारी सभ्य भाषेत कळवलं. मजकूर बदलून पुन्हा तपासणीला टाकता येईल. मात्र वेळेत होईल याची हमी नाही. रोज शेकडो नवे गेम येतात. पहिल्या आठवड्यात जो कुणाला दिसला नाही तो नंतर कुणी शोधत नाही, हे दोघांनाही पाठ होतं.

हर्षदचा उपाय तयार होता. "कोंबड्याच्या जागी नारळ देऊ. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"राखणदाराला नारळ?"

"हल्ली देतात लोक. आमच्याकडे देतात."

"तुमच्याकडे सगळंच पाहुण्यांना चालेल असं असतं."

हर्षदने हे मनाला लावून घेतलं नाही. "माझी आई खोलीत एसी बसवायला माणूस घेऊन येणार आहे," तो म्हणाला. "तिला तुझ्या राखणदाराचं काय ते तू सांग."

अडचण वेगळीच होती. गेममध्ये जे गाऱ्हाणं ऐकू येतं ते भागोजीनानांच्या आवाजातलं होतं. त्यांची सत्तरी कधीच उलटलेली; प्राप्तीच्या गावची उघाडी तेच बघायचे आणि राखणदारापुढे गाऱ्हाणंही तेच घालायचे. आवाज द्यायला ते आधी तयार नव्हते. मग एका अटीवर झाले. "आवाज घे. पर त्याचा मान गाळू नको. मान गाळून नुसता बांध दावलास तर त्यो बांध टिकायचा न्हाय." प्राप्ती हो म्हणाली होती. कागद नव्हता, सही नव्हती. गावात असल्या गोष्टींना ते लागत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ती उघाडीवर गेली. ओहोटी लागली होती. लाकडी झापं आपोआप उघडून शेतातलं पाणी खाडीत जात होतं, आणि नाना काठीने झापांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढत होते.

"गेमवाली आली," ते म्हणाले. "गेम खपला का?"

"खपायला दिसायला तरी पाहिजे, नाना."

तिने सगळं सांगितलं. नानांना दुकान म्हणजे काय, खातं म्हणजे काय हे समजावायला वेळ लागला, पण लपवण्याची गोष्ट त्यांना लगेच कळली.

"म्हंजी पोरांना दिसू नये म्हून?"

"हो."

"मग बराबर हाय की."

प्राप्तीला हे अपेक्षित नव्हतं. ती रागवायची तयारी करून आली होती, दुकानावर आणि थोडी हर्षदवरही, आणि नाना आपल्या बाजूने बोलतील असं धरून चालली होती.

"बराबर कसं? मान गाळू नको असं तुम्हीच बोललात."

"गाळू नको बोललो. दाव असं कवा बोललो?" नानांनी पिशवी झटकून बांधावर टाकली. "दाव बघू तुझा गेम."

तिने लॅपटॉप उघडून अवसेचा प्रसंग लावला. दगड, पणती, कोंबडा, सुरी. हर्षदने रक्ताचे थेंब फार मन लावून काढले होते. एकेक थेंब दगडावरून ओघळत मातीत जिरायचा. नानांनी शेवटपर्यंत बघितलं.

"ह्ये कोण बघतंय?"

"खेळणारा."

"तू बघितलंस कवा?"

प्राप्तीने आठवून बघितलं. लहानपणी ती दर वर्षी इथे आली होती. पणती आठवत होती, दारूचा वास आठवत होता, नंतर घरी आलेला कोंबड्याचा वाटा आठवत होता. मधलं काहीच आठवत नव्हतं.

"न्हाय बघितलंस," नाना म्हणाले. "मीच दिलं नसंल बघू. पोरांची तोंडं खाडीकडं करायचो ना आमी. भरती वळली का बघा, असं सांगायचो. तेवढ्यात इकडचं आवरायचं. तू तर लय बोंबलायचीस. वळली, वळली. वळलेली नसायची."

"मला लवकर घरी जायचं असायचं."

"तुला वाट्याची घाई असायची."

घरी येऊन तिने मूळ रेकॉर्डिंग शोधलं. गाऱ्हाणं सुरू होण्याआधीचा भाग हर्षदने कापला होता. त्यात खोकला होता, कुत्रं भुंकत होतं, कुणाची तरी मोटारसायकल जात होती. आणि मग नानांचा आवाज, गाऱ्हाण्यातला नव्हे, साधा, रोजचा : "पोरांनो, तोंडं फिरवा. भरती वळली का बघा." ते सांगायची सवयच होती त्यांना. त्या दिवशी रेकॉर्डिंगला तिथे एकही पोर नव्हतं.

तिने ते हर्षदला पाठवलं. त्याचा फोन आला.

"मला ते कचरा वाटलं होतं," तो म्हणाला.

"मलाही वाटलं असतं."

शनिवारी दोघांनी प्रसंग नव्याने बांधला. खेळणारा राखणदारापुढे येतो. पणती लागते, दगडावर दारूची धार पडते. मग आवाज येतो : तोंडं फिरवा. खेळणारा वळतो, आणि पुढचं सगळं त्याच्या पाठीमागे होतं. समोर फक्त खाडीचं काळं पाणी. गाऱ्हाणं ऐकू येतं. कोंबडा एकदाच फडफडतो. पाण्यावर एक काटकी वाहत असते; तिची गती मंद होते, ती थांबते, आणि मग उलट दिशेला निघते. तेव्हा खेळणाऱ्याने सांगायचं की भरती वळली. आधी सांगितलं तर नाना म्हणतात, न्हाय वळली अजून. हे शेवटचं वाक्य रेकॉर्ड करायला प्राप्ती दुपारी पुन्हा उघाडीवर जाऊन आली होती.

हर्षदने आपले थेंब स्वतःच्या हाताने काढून टाकले. "चांगले झाले होते," एवढंच तो म्हणाला.

मग दुकानाचे प्रश्न पुन्हा समोर आले.

"आता खूण काढ," हर्षद म्हणाला. "काही दिसतच नाही."

"दिसतं का, असं विचारलेलं नाही. आहे का, असं विचारलंय."

"प्राप्ती, तो चौकटी बघणारा माणूस आहे. त्याला तुझा राखणदार माहीत नाही. कोंबडा हा शब्द वाचला की तो पुन्हा लपवणार."

"मग लपवू दे. पण नाही आहे असं मी लिहिणार नाही. नानांना सांगायचं काय? मान ठेवला, पण दुकानाला सांगितलं की नाही ठेवला?"

हर्षदने हात जोडले. अर्धे थट्टेने, अर्धे खरेच.

मोठ्या चौकटीतली खूण तिने काढली, कारण ती आता खरी राहिली नव्हती. दारूच्या चौकटीत केली. खालच्या मोकळ्या जागेत तिने लिहिलं : या गेममध्ये राखणदाराला कोंबडा दिला जातो. तो देताना दाखवलेलं नाही. आमच्या गावातही मुलांना ते दाखवत नाहीत. त्यांना पाण्याकडे बघायला सांगतात. गेममध्येही तसंच आहे. दारू दगडावर ओततात, कुणी पीत नाही. लिहून झाल्यावर तिने ते हर्षदला वाचून दाखवलं. त्याने एक स्वल्पविराम सुचवला. गेम तपासणीला गेला.

रविवारी मितेशने प्राप्तीने पाठवलेला नवा प्रसंग खेळून बघितला. त्याने भरती वळल्याचं सहा वेळा आधीच सांगितलं आणि सहा वेळा नानांचा आवाज ऐकला. "हा म्हातारा मला लहानपणी पण असाच बोलायचा," त्याने फोन करून सांगितलं. "मी मुद्दाम चुकतोय आता."

सोमवारी सकाळी ठरल्याप्रमाणे खेड्यापाड्यांवरच्या गेमची ओळ पहिल्या पानावर लागली. 'खांड' त्यात नव्हता. ओळ पुढच्या सोमवारपर्यंत राहणार होती आणि मध्ये नवे गेम त्यात घालता येतात, असं मदतकेंद्राने कळवलं होतं. दुपारी गेमच्या पानावर 'रांगेत आहे' हे जाऊन 'तपासणी सुरू आहे' असं आलं.

हर्षदच्या आईने एसीवाल्याला बुधवारी यायला सांगितलं. संध्याकाळी नानांनी कुणाच्या तरी फोनवरून विचारलं की वळली का. प्राप्तीने पान पुन्हा उघडून बघितलं. तपासणी सुरूच होती.

"न्हाय वळली अजून," तिने सांगितलं.