जाळीतलं तोंड

पार्वताबाईनं मनाशी पक्कं केलं होतं, नातीच्या बारशाला सुंदराबाईचं नाक ठेचायचंच. त्यासाठीच तर तिनं दवाखान्यातून ती जाळी मागून आणली होती.

पातूरजवळच्या मळ्यात झेंडू तोडता तोडता पार्वताबाईचा डावा हात फडफडायचा, कधी ती सरीतच आडवी व्हायची. थोरली जाऊ सुंदराबाई म्हणाली, "हिले भुतानं धरलं." झालं! घरात तिचाच शब्द चालायचा. भगत आला, विळा तापवला आणि पार्वताबाईच्या कानशिलावर टेकवला. तेव्हा तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते ते सुंदराबाईनंच, आणि काय ताकदीनं! पुढं नात झाली, तर बयेनं फर्मान काढलं की झपाटलेल्या बाईच्या मांडीवर लेकरू द्यायचं नाही. सव्वा महिना पार्वताबाईनं नातीला उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं. थोरल्या जावेसमोर डोक्यावर पदर घ्यायची घरची रीत होती. त्या पदराखाली डागही झाकलेला राही. सुंदराबाईचं फावलंच.

शेवटी मुलगा जीवन हटून बसला आणि आईला अमरावतीला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी डोक्याच्या फोटोत दाखवलं, मेंदूच्या आवरणाला सुपारीएवढी गाठ होती. कॅन्सर नव्हता. पण गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली, म्हणून चिरफाड न करता नेम धरून किरणं सोडायचं ठरलं. गाठ जाणार नाही, वाढायची थांबेल, आणि झटक्यांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. डोकं जराही हलू नये म्हणून कोमट प्लास्टिकची जाळी दाबून तिच्या तोंडाच्याच आकाराची केली. पाच दिवस त्या जाळीनं तिचं डोकं टेबलाला जखडलं. ना भाजलं, ना रक्त आलं. आत डोळे मिटून पार्वताबाई एवढंच म्हणायची, थांब सुंदरे, येतेच मी.

लांबलेल्या बारशाला बायांनी ओसरी भरली होती. पार्वताबाई सरळ आत शिरली आणि पाळण्यासमोर ती जाळी ठेवली. नाक, हनुवटी, मिटलेले डोळे, सगळं तिचंच! बाया किंचाळल्या.

"अवं माय! हे काय आणलं वं?" सुंदराबाई मागं सरकली.

"भिता काहून, जाऊबाई? माहंच तोंड हाय. याच्यात बांधून डॉक्टरीणबाईनं माहा इलाज केला. भूत नाई सापडलं, गाठ सापडली. फोटो हाय, पाहा."

फोटो बायांमध्ये फिरला.

"आता तुमी निजा याच्यात," पार्वताबाई म्हणाली. "मी तुमचे हात धरतो. विळा तापवाले सांगू का?"

सुंदराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "मले काय मालूम व्हतं, पार्वते? चुकलं माहं. माफ कर."

"नाई करत."

एवढ्या बायांत असं उत्तर! पार्वताबाईला आतून गार गार वाटलं. सून प्रणाली आधीच उठली होती. तिनं लेकरू पाळण्यातून उचललं आणि न विचारता सासूच्या मांडीवर ठेवलं. मग कुठं पार्वताबाईचे डोळे भरले. ते ऊबदार ओझं तिनं एका हातानं पोटाशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर खांद्यावर पाडला.

डाग उघडा पडला. काळा, सुरकुतलेला, विळ्याच्या पात्यासारखा वाकडा. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनीही तो आज पहिल्यांदा पाहिला. शेजारच्या आशाबाईच्या तोंडून "अरे देवा" निघालं आणि सगळ्यांच्या नजरा सुंदराबाईकडे वळल्या.

"पदर घे, पार्वते. लोकं पाहून राहिले." सुंदराबाई घाईनं पुढं आली आणि स्वतःच तिचा पदर वर ओढायला लागली.

पार्वताबाईनं तिचं मनगट पकडलं. सुंदराबाईनं हिसका दिला, पण ते सुटलं नाही.

"आता मरेस्तोवर तुमच्यासमोर पदर घेत नाई," पार्वताबाई म्हणाली. "रोज सकायी उठून हा डाग पाहाचा."