निवडणुकीपुरता गद्दार

रुख्मिणीचा राग किन्हीराजात सगळ्यांना माहीत होता. पण त्या वर्षीचा राग वेगळा होता, तो उतरलाच नाही. भाकर थापताना ती रामरावाचं नाव घेऊन असा हात मारायची की भाकरीला भोक पडायचं.

झालं असं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती म्हणून सरकारची जीप गावोगाव माहितीपट दाखवत हिंडत होती. आपल्या पाळीने ती किन्हीराजालाही आलीच असती. पण ती आली पंचायतीच्या मतदानाला दोन दिवस उरले तेव्हा, कारण रामरावाने तालुक्याला खेटे घालून तिला आणली होती. त्याच्याविरुद्ध उभा होता रुख्मिणीचा नवरा, देवमन. बौद्ध वस्तीतला माणूस पंचायतीला उभा राहण्याची ही पहिलीच खेप, आणि वस्तीची मतं फुटली नाहीत तर तो निवडून येणार हे रामरावाला पक्कं कळत होतं.

शाळेपुढे दोन बल्ल्यांना पांढरा पडदा ताणला. गाव पडद्याच्या पुढून बसलं, वस्ती मागून. मागे बसा असं कोणी म्हणत नाही, पुढे या असंही कोणी म्हणत नाही. मागून चित्र उलटं दिसतं, शिपाई डाव्या हाताने सलाम ठोकतात. वस्तीतल्या लहान पोरांना सिनेमा तसाच असतो असं वाटायचं.

चित्र ब्रह्मदेशातल्या लढाईचं होतं. जंगल, चिखल, आझाद हिंदचे जवान आणि त्यांच्यासमोर इंग्रजांची फौज. हिंदीत सांगणारा आवाज मोठा भारदस्त. तो म्हणाला, काही जण मायभूमीसाठी लढले आणि काही जण परक्याच्या भाकरीसाठी. एवढं बोलून तो पुढे गेला, आणि पडद्यावर धरण आलं.

देवमन बेचाळीस साली महार पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशात लढून आला होता, हे अवघ्या गावाला ठाऊक होतं. धरणाचं चित्र संपताच रामरावाने जीपचा भोंगा हातात घेतला. देवमनचं नाव त्याने घेतलं नाही, एवढा तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"सगळ्यायनं डोयानं पाह्यलं," तो म्हणाला. "इमान कोनाचं कोनापाशी होतं, हे आता सरकारच सांगून राह्यलं. मत देतानी इचार करजा."

रुख्मिणी ताडकन उठली. देवमनने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः तसाच बसून राहिला. रामरावापेक्षा तिला तेव्हा नवऱ्याचाच संताप आला. अरे, बोल ना काही! इंग्रजाने महारांची भरती कधीचीच बंद करून टाकली होती. लढाई अंगाशी आली तशी ती उघडली, आणि बाबासाहेबांनी पोरांना जा म्हटलं. ज्या गावात चावडीपुढून पायताण हातात घेऊन जावं लागत होतं, त्या गावच्या पोराला फौजेने बूट दिले. त्याच लढाईत रामरावाच्या बापाने फौजेला कडबा आणि ज्वारी विकली, त्यावर विहिरीला इंजिन बसवलं. त्या कडब्याला कोणी गद्दार म्हटलं नाही. हे सगळं तिच्या जिभेवर होतं आणि देवमनची मूठ तिच्या मनगटावर होती.

दुसऱ्या दिवशी देवला आला. देवला म्हणजे देवमनच्या बहिणीचा मुलगा, वाशिमला कॉलेजात शिकणारा. मामाच्या प्रचारासाठी भिंती तोच रंगवायचा. त्याने चुन्याची बादली दारात ठेवली.

"मामा, तुमी आपल्याच लोकायवर गोया झाडल्या काय?"

देवमन ढोरांना पाणी पाजायला उठला. मग कोणत्या तोंडाने मत मागू, असं पुटपुटत देवला निघून गेला. बादली तिथेच राहिली. मतदानाच्या दिवशी वस्तीतली तरणी पोरं त्याच प्रश्नापायी घराबाहेर पडली नाहीत. त्यांनी रामरावाला मत दिलं नाही, कोणालाच दिलं नाही, आणि देवमन पडला. रुख्मिणीने त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. देवमन मात्र ढोरं घेऊन शेतात गेला.

सरपंच झालेला रामराव ऑगस्टात एक दिवस त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. वस्तीच्या बोळात तो मतं मागायलाही कधी आला नव्हता. झेंडावंदनाला तहसीलदार येणार होते आणि गावात फौजेतला माणूस एकच. देवमनने वर्दी घालून, बिल्ले लावून झेंड्यापाशी उभं राहावं, गावाची शोभा होईल, असं त्याचं म्हणणं.

रुख्मिणी दारातच आडवी झाली. "वर्दी तं गोऱ्याची हाय. तुमच्या झेंड्याखाली ते कशी चालंन?"

रामराव हसला. "अवं रुख्मिणी, ते इलेक्शनपुरतं होतं. ते कायले मनाले लावून घेतं?"

"मंग हेच भोंग्यावर सांगा. जथी पडदा लावला होता तथीच उभे राहून सांगा, का ते इलेक्शनपुरतं होतं. मंग हे येतीन."

असं कुठे कोणी सांगतं का, असं म्हणत रामराव गेला. देवमन झेंडावंदनाला गेला नाही. आणि गावाने काय पाहिलं? गावाने एवढंच पाहिलं की देवमन झेंड्याला आला नाही. पिठाच्या गिरणीवर रुख्मिणीच्या कानावर आलं, पाह्यलं, रामराव खोटं नव्हता बोलला. गेला असता तर रामरावाच्या दारचा शोभेचा शिपाई, नाही गेला तर गद्दार. आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात, ते हेच. दळण डोक्यावर घेऊन ती तडक घरी आली.

घरी देवला बसला होता. झेंड्याला तो स्वतः गेला होता आणि तिथली कुजबुज त्याला सोसली नव्हती.

"मामा, खरं काय झालं होतं तिकडं?" तो विचारत होता.

"रामरावले विचार ना," रुख्मिणी म्हणाली. "त्यानं सिनेमात पाह्यलं हाय. तुलेई तेच पटलं होतं."

"बोलू दे त्याले," देवमन म्हणाला. बाजेवर थोडा सरकला आणि कोणाकडेही न पाहता सांगू लागला. "त्या अंगालेई आपलेच पोट्टे होते. सकायी पुढं गेलो तं एक झाडाखाली पडला होता. पोटात गोयी. पानी मांगे. बोलनं आपल्याकडचं वाटलं म्हनून गाव पुसलं, तं कारंजा म्हने. मी किन्हीराजाचा म्हटलं, तं हासला. मले गद्दार नाही म्हटलं त्यानं. पानी पेला अन् गेला."

"कोनाच्या गोयीनं?" देवलाने विचारलं.

"अंधारात सारेच झाडत होतो," देवमन म्हणाला. "माहीई गोयी असंन."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण रुख्मिणीने हे आजवर ऐकलं नव्हतं. झोपेत हा माणूस पाणी पाणी का म्हणतो, हे तिने विचारलं नव्हतं असं नाही, त्याने सांगितलं नव्हतं. दळणाचा डबा तिने खाली ठेवला. रामरावाचा तिला या आधी आला तो राग आताच्या रागापुढे रागच नव्हता. तीस वर्षं नवऱ्याच्या छातीवर पडून राहिलेलं हे मढं त्या माणसाने चार मतांसाठी भोंग्यावर वाजवलं होतं, आणि वर येऊन म्हणाला होता, मनाला लावून घेऊ नको.