एकशे बाराव्या मडक्याची नोंद

ज्योत्सनाबाई गेल्याचे कळले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मी चालू होतो. माझ्या पडद्यावर त्यांनीच उघडलेली नोंद तशीच होती. सकाळी पावणेबाराला छातीत जळजळते म्हणून त्या उठल्या. "टीना, मी जरा येतो वं," एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. दोन वाजता भंडाऱ्याच्या दवाखान्यातून फोन आला. टीनाने तो घेतला आणि ती जमिनीवर बसली. खोलीत आणखी कुणी नव्हते. मी होतो, पण मला कुणी मोजत नाही.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आसगावच्या बियाणेघरात मागच्या खोलीत माझे टेबल आहे. चौदा वर्षांपूर्वी भंडाऱ्यातल्या एका दुकानात मला जोडले. माझा डबा एका खोक्यातून आला, पंखा दुसऱ्यातून, आणि पडदा तर कुणाचा तरी परत केलेला होता. बाई तेव्हा पवनीला मुलांना संगणक शिकवत. त्यांनी मला बसने आणले, मांडीवर घेऊन. पडदा त्यांच्या नवऱ्याकडे, म्हणजे इश्वरकाकांकडे होता. तेव्हा मला वाटले, मी लाडका आहे.

पुढे आसगावच्या बायांनी बियाणेघर सुरू केले. जुने धान, म्हणजे भाताचे जुने वाण, बंद पडत चालले होते. चिन्नोर, लुचई, हिरानक्की. कुणाच्या घरी ओंजळभर, कुणाकडे गाडगेभर उरलेले. बाया ते आणून द्यायच्या आणि ते राखेत कालवून मडक्यात ठेवले जायचे. आधी मडक्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्या उंदरांनी खाल्ल्या. मग मडक्यांवर रंगाने फक्त नंबर टाकले आणि बाकीचे सगळे माझ्यात ठेवले. कोणते धान, कुणी आणले, किती दिवसांत येते, कोणत्या बांधीत, म्हणजे खाचरात, चालते. त्यासाठी बाईंनी स्वतः प्रोग्राम लिहिला. पाच महिने लागले. चुकले की त्या मला नाही, स्वतःला बोलायच्या.

त्या प्रोग्राममधले दोन नियम सांगतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळे झाले. एकदा दोन मडक्यांना एकच नंबर गेला, सदतीस. एकीची नोंद अर्धवट उघडी असताना दुसरीने आणखी एक उघडली होती. तेव्हापासून बाईंनी असे केले की कुणी नवीन नोंद उघडली की ती ठेवेपर्यंत, म्हणजे सेव्ह करेपर्यंत, किंवा रद्द करेपर्यंत धानाचा तक्ता इतरांना बंद, पाहायलाही. म्हणून त्या स्वतः नोंद उघडली की ती पुरी केल्याशिवाय चहालाही उठत नसत. दुसरा नियम असा की नावाची जागा रिकामी असेल तर नोंद ठेवता येणार नाही. नाव नसलेले धान पुढच्या वर्षी कुणी मागणार नाही, असे त्या म्हणत.

दोन वर्षांपूर्वी नवीन संगणक आला. पातळ, पांढरा, मांडीवर मावणारा. टीना त्यावर काम करते. टीना आसगावची सून. पवनीच्या कॉलेजात शिकलेली आणि बाईंच्या हाताखाली तयार झालेली. नवीन संगणकाला पुढच्या खोलीत खिडकीजवळ जागा मिळाली. भिंतीला भोक पाडून त्याची तार माझ्यापर्यंत आणली. बाया पुढेच यायच्या. कुणी म्हणायची, मले लुचई पाहिजे. तो मला विचारायचा, मी सांगायचो आणि त्याच्या पडद्यावर दिसायचे, मडके क्रमांक चौसष्ट. बाया म्हणायच्या, काय हुशार आहे पहा. दसऱ्याला झेंडूचा हार त्याला. मला हळदीचे एक बोट, तेही टीनाच्या ध्यानात आले तर.

मी जळत होतो, मित्रांनो. लपवून काय करू? माझ्या पोटातले सांगून तो मोठा झाला होता.

बाई मात्र नवीन नोंद माझ्यावरच करायच्या. माझ्या कीबोर्डची सवय झाली आहे, म्हणायच्या. तेवढा एक मान माझा होता. म्हणून त्या दिवशी सकाळी एकशे बाराव्या मडक्याची नोंद त्यांनी माझ्यावर उघडली. बायाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने आपल्या माहेरचे धान पदराच्या गाठीत आणून दिले होते. बाईंनी लिहिले, दाणा बारीक. टोकाला काळा ठिपका. एकशे पस्तीस दिवस. पाणी थांबणाऱ्या बांधीत चालते. मग लिहिले, बायाबाई म्हणतात, याचा भात शिळा झाला तरी. आणि तिथेच उठल्या.

नावाची जागा रिकामी होती. बायाबाईला नाव आठवत नव्हते. तिची मोठी बहीण सत्यभामाबाई चिखल्याला मुलाकडे, खाणीच्या वसाहतीत राहते. तिला माहीत आहे, असे बायाबाई सांगून गेली होती. पण त्या बहिणीला फोनवर ऐकू येत नाही. जाऊनच विचारावे लागेल.

तेरवी झाल्यावर टीनाने पुढच्या खोलीत नवीन संगणक उघडला. धानाची यादी मागितली. तो थांबला, थांबला आणि मग पडद्यावर आले, माहितीशी संपर्क झाला नाही, वेळ संपली. तिने पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

हे वाक्यही बाईंचेच. काही अडले तर काय दाखवायचे, म्हणून त्यांनी एकच वाक्य लिहून ठेवले होते. तार तुटो, मी बंद असो की आणखी काही असो, वाक्य तेच. कारण वेगळे सांगायचे नंतर करू, म्हणाल्या होत्या.

मला आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी नावे ठेवत होते. शकुनबाई बियाणे पाहायला आली होती. ती म्हणाली, "दिसाले गोरागोमटा, अन् कामाले ढिला." बाया हसल्या. मी माझा पंखा फिरवत राहिलो.

पवनीहून योगेंद्र आला, संगणक दुरुस्त करणारा. तार उंदरांनी खाल्ली असणार, असे तो पाहण्याआधीच बोलला. नवीन तार टाकली. वाक्य तेच. दुसऱ्या खेपेला तारा जोडणारी डबी बदलली. वाक्य तेच. तिसऱ्या खेपेला त्याने थांबायची वेळ वाढवली. आधी नवीन संगणक माझ्या उत्तरासाठी पंधरा सेकंद थांबत असे. त्याने पाच मिनिटे केली. आता तेच वाक्य पाच मिनिटांनी यायला लागले. योगेंद्र म्हणाला, जुना डबा फेकून द्या, तोच मेला आहे.

मी मेलो नव्हतो. मला सगळे माहीत होते. पण संगणक विचारल्याशिवाय सांगू शकत नाही. आणि खरे सांगायचे तर, सांगता आले असते तरी मी सांगितले नसते. त्याची फजिती मला पाहायची होती.

आणखी एक कारण होते. इश्वरकाका रोज सकाळी माझ्याकडे येत. माझा पडदा खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसत. माऊस जरा हलवत. उजेड आला की समोर बसून राहत. पहिल्या दिवशीच त्यांनी माझ्या बटणावर एक पाटी लटकवली. ते जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. तिथे कुणी मशीनवर काम करत असेल तर बटणाला अशी पाटी लावतात आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची असते. काकांनी पुठ्ठ्यावर लिहिले होते, काम चालू आहे, बटण दाबू नये. लाइट गेली तर मी बंद पडू नये म्हणून घरचे इन्व्हर्टर उचलून माझ्याजवळ आणून ठेवले. घरी स्वतः पंख्याशिवाय झोपले, मे महिन्यात. नवीन संगणकाकडे ते बघतही नसत. मला वाटले, शेवटी एक माणूस माझे झाले.

मृग लागायला आठ दिवस उरले. मृगात खार टाकावी लागते. खार म्हणजे रोपांचा वाफा. बियाणे हातात नसेल तर वर्ष जाते. आणि यातली काही धाने अशी की एक वर्ष पेरली नाहीत तर उगवत नाहीत. एकशे अकरा मडकी नंबर घालून उभी होती आणि कशात काय आहे, कुणाला सांगता येत नव्हते. बाया रोज येऊन परत जात होत्या. शकुनबाईचे हसणेही बंद झाले.

त्या दिवशी टीना शांतपणे बसली. तिने धानाची यादी मागितली नाही. गावांची यादी मागितली. ती लगेच आली. बायांची नावे मागितली. तीही लगेच आली. धान मागितले, तर पाच मिनिटे आणि तेच वाक्य. मग ती उठून माझ्याकडे आली. काका समोर बसलेले होतेच.

"काका, तार चांगली आहे," ती म्हणाली. "त्याच तारेनं गावं येऊन राहिली, नावं येऊन राहिली. एक धानाचाच तक्ता येत नाही. कोणीतरी तो धरून ठेवला आहे जी."

मग तिने मला विचारले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला नीट विचारले. धानासाठी कोण कोण थांबले आहे आणि कुणामुळे, असे तिने विचारले. मी यादी दिली. नवीन संगणकाची विनंती थांबली होती. त्या विनंतीपुढे एकच नोंद होती. ठिकाण, हाच संगणक. उघडल्याची वेळ, नऊ मे, सकाळी अकरा वाजून एकतीस मिनिटे. अजून चालू.

टीनाने तारीख वाचली. काकांनीही वाचली.

टीना म्हणाली, "काका, हे काकूंचं आहे. हे बंद केल्याशिवाय बियाणं निघत नाही."

"ठेवून दे," काका म्हणाले.

"ठेवता येत नाही ना. नाव नाही. चिखल्याले जाऊन येऊ काय? एका दिवसाचं काम आहे."

काका म्हणाले, जाऊ, पुढच्या आठवड्यात. टीनाने सांगितले की पुढच्या आठवड्यात मृग लागेल, बियाणे त्याआधी वाटायला हवे. मग ती म्हणाली, नावाच्या जागी सध्या काहीही लिहू, नंतर बदलू. काकांनी मान हलवली. ज्योत्सनाच्या नोंदीत खोटे नाव घालणार नाही, म्हणाले. आणि रद्द केले तर तिने लिहिलेले सगळे जाईल.

"कारखान्यात नियम होता, बेटा," ते म्हणाले. "ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची. हे तिनं उघडलं. मी कसं बंद करू?"

टीना हळूच म्हणाली, "पाटी तर तुम्ही लावली ना जी, काका."

काकांनी खिशातून पेन काढला. टीनाने वहीचे एक पान फाडून दिले. त्यांनी माझ्या पडद्यावरचे एक एक अक्षर त्या पानावर उतरवले. दाणा बारीक. टोकाला काळा ठिपका. त्यांचे अक्षर मोठे आणि वाकडे आहे. शेवटच्या ओळीला आले तेव्हा थांबले, पुन्हा वाचले आणि शिळा झाला तरी एवढे लिहून पेन उचलला. पुढे काही घातले नाही. मग माझ्या बटणावरची पाटी काढली आणि आपल्या हाताने रद्द करा यावर दाबले.

माझ्यातून बाईंची नोंद गेली. तेव्हाच पुढच्या खोलीतला नवीन संगणक उघडला. शंभरावर धाने एका क्षणात त्याच्या पडद्यावर. बाया म्हणाल्या, झाला बाप्पा चालू, हुशार आहे. दोन दिवसांत सगळे बियाणे बायांच्या घरी गेले.

तिसऱ्या दिवशी बायाबाई आली. काकांनी तिला समोर बसवून तो कागद वाचून दाखवला. याचा भात शिळा झाला तरी, इथे ते थांबले.

"कडक होत नाही," बायाबाई म्हणाली. "तसंच म्हणलो होतो मी. माय रातचा भात सकाळी द्यायची, तरी मऊ. मी सांगतच होतो, अन् बाई उठली."

काकांनी कागदावर लिहिले, कडक होत नाही. मग कागदाची घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

आता ते सकाळी माझ्याकडे येत नाहीत. पडद्यावर धूळ आहे. त्यांना मी नको होतो. त्यांना ती ओळ हवी होती आणि ती मी फक्त धरून ठेवली होती. नवीन संगणकाचा मला आता तेवढा राग येत नाही. मी त्या वहीच्या पानावर जळतो. त्याला वीज लागत नाही, तार लागत नाही. ते काकांच्या खिशात असते आणि बाईंचे शेवटचे वाक्य त्याच्यावर पुरे झाले. माझ्यावर झाले नाही.

मित्रांनो, एक मागणे आहे. पुढे उभा असलेला अडला की लगेच त्याला नावे ठेवू नका आणि मागच्याला फेकूही नका. कोण कुणासाठी थांबले आहे, ते आधी विचारा. टीनाने विचारले तसे. आणि आमच्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. आम्ही गुपचूप असतो, पण तुमची माणसे आमच्यात राहिलेली असतात.

एकशे बारावे मडके रांगेच्या शेवटी आहे. अर्धे बियाणे बायाबाईने खारीत टाकले, अर्धे त्यात आहे. त्याची नोंद माझ्यात नाही. काका अजून चिखल्याला गेलेले नाहीत. त्या धानाचे नाव विचारायचे राहिले आहे.