पाटलांची ईस

बाळांनो, चपला काढा आणि हातापायांची सगळी बोटं मोजा. वीस भरली? आता कल्पना करा, निजामाचं राज्य आहे आणि तुम्ही आष्टीजवळच्या एका खेड्यात उभे आहात. तिथे वीस म्हणजे एक ईस. सत्तेचाळीस म्हणजे दोन इसा सात. या मोजणीत एक मोठी सोय आहे. सत्तेचाळीस बोरं चौघांत सारखी वाटता येतील का? इसांकडे बघूच नका, त्या चौघांत वाटल्या जातातच. उरलेली सात तेवढी बघा. नाही ना वाटता येत? झालं गणित.

त्या गावात पाच इसा शेळ्या होत्या. रोज सांजेला गहिनीनाथ पाटील वाड्याच्या ओट्यावर अनवाणी बसून त्या स्वतः मोजत. एक शेळी आवारात गेली की एक बोट दाबायचं. आधी हाताची, मग पायाची. ईस भरली की चावडीवरचा आश्रुबा एक खडा टाकी.

एकदा गाडीचं चाक पाटलांच्या डाव्या पायावरून गेलं आणि करंगळी गेली. महिन्याने पाटील पुन्हा मोजायला बसले. पाच खडे पडले, तरी दारात पाच शेळ्या उभ्याच!

याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाटलांच्या पायावर जिथे विसावं बोट दिसायला हवं, तिथेच ते दिसत नव्हतं. पण बोलणार कोण?

"या पाच जास्तीच्या कावून?" पाटलांनी विचारलं.

"सरकारचं राज्यच लई बरकतीचं हाय, पाटील," आश्रुबा म्हणाला.

"बेवारशी दिसत्यात. घाला कोंडवाड्यात. उद्या आष्टीच्या बाजारात लिलाव करू."

त्या पाचांत शेवटची होती आठ वर्षांच्या छबूची लंगडी शेळी. ती रोजच मागे राही. छबू धावत आली.

"पाटील, ही माझी हाय!"

"तुझी मघाच आत गेली, पोरी. गावच्या पाच इसा भरल्या की. ही दुसरी."

"पर हिचा कान फाटका हाय, माझ्या शेळीसारखाच!"

"मंग गावात दोन फाटक्या कानाच्या झाल्या," आश्रुबा हात जोडून म्हणाला. "बरकतच की!"

लोकांनी माना डोलावल्या. छबूने डोळे पुसले आणि आवारात पडलेले खडे बघितले. खडे पाच, बाहेर राहिलेल्या शेळ्याही पाच. म्हणजे एका खड्यामागे एक शेळी सुटत होती. चौदा इसा असत्या, तर चौदा सुटल्या असत्या! तिने पाटलांच्या पायाकडे बघितलं.

"पाटील, येक डाव परत मोजा की."

पाटलांचा आवाज चढला. "माझी मोजणी चुकली म्हनतीस?"

"न्हाई. तुमी येकबी बोट सोडलं न्हाई."

"मंग? पाच इसा येळा मोजीन, तितकीच भरंल! आश्रुबा, काढ शेळ्या भाईर!"

शेळ्या पुन्हा दाराबाहेर आल्या. पाटलांनी पहिलं बोट दाबायला हात उचलला. तेवढ्यात छबू ओट्यावर चढली, पाटलांच्या डाव्या हाताला बसली आणि आपला धुळीचा पाय त्यांच्या पायाला चिकटवून करंगळी अलगद त्या रिकाम्या जागी ठेवली.