रोझेलची टाच

लोक म्हणायचे, आर्व्हेल गिटार वाजवतो आणि त्याची बायको साथ देते. मी उभा राहून गायचो, म्हणून तसं दिसायचं. खरं तर रोझेल पुढे आणि मी तिच्या मागे. ती खुर्चीत बसून दुसरी गिटार वाजवायची आणि टाचेनं फळीवर ठेका धरायची. आमच्या टेकड्यांतली ब्लूजची गाणी कुणी मात्रा मोजून वाजवत नाही. ओळ किती लांबवायची ते तिची टाच ठरवायची. मी घाईत आधीच पुढच्या सुरावर वळलो, तर तीही माझ्याबरोबर वळायची. दोघं मिळून चुकलो की ती चूक राहत नाही, असं म्हणायची. मेम्फिस शहरातले कसलेले वादकसुद्धा तिच्यासमोर दोन कडव्यांत हात टेकायचे.

या वसंतात ती गेली. जाण्याआधी तिनं एकच मागितलं, की मला मातीत ठेवाल तेव्हा आपलं गाणं वाजव, आणि नीट वाजव.

तिची थोरली बहीण व्हर्लीन चर्चमधली मानाची बाई. शनिवारच्या आमच्या गाण्यांना ती कधी फिरकली नाही. माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता तिनं बजावलं, चर्चच्या जमिनीवर ब्लूजसारखी शनिवारची नाचगाणी वाजणार नाहीत.

"जमीन संपते कुठे, सिस्टर?" मी विचारलं.

"चराशी. पलीकडे रस्ता आहे, तिथे घाल काय धुडगूस घालायचा तो."

व्हर्लीनची मला भीती नव्हती. भीती माझ्याच हातांची होती. घरी एकटा वाजवायला बसलो की दुसऱ्या ओळीत अडकायचो. कुठे वळायचं ते मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

दफन झालं. चरावरची फळी ओलांडून मी रस्त्यावर आलो आणि पिकअपच्या मागे बसलो. सगळे कुंपणाशी थांबले. मी त्यांना सांगितलं, हे गाणं रोझेल चालवायची, मी नुसता मागून जायचो. नेहमीसारखे ते हसले. त्यांना ती माझी जुनी थट्टा वाटली.

पहिली ओळ बरी गेली. दुसरी लांबवत नेली आणि पुढचं सुचेना. बोटं तिथल्या तिथे फिरत राहिली. आता कुणी हसत नव्हतं. इतकी वर्षं मी खरंच सांगत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

तेवढ्यात लाकडावर टाच पडली. मी वर पाहिलं. चरावरच्या फळीवर पांढऱ्या पोशाखात व्हर्लीन उभी होती. ना चर्चच्या जमिनीवर, ना रस्त्यावर. पुन्हा टाच पडली आणि मी वळलो. लहानपणी या दोघी बहिणी घराच्या भिंतीला तार ठोकून वाजवायच्या. तार छेडायची रोझेल, हे मला ठाऊक होतं. ओसरीवर पाय कोण आपटायचं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

गाणं शेवटपर्यंत गेलं. कुंपणाशी म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. माझ्यासाठी नव्हे, रोझेलसाठी, हे मला दिसत होतं, आणि तेच मला हवं होतं.

व्हर्लीन फळीवरून खाली उतरली ती चर्चच्या बाजूला.

"शेवटच्या कडव्यात तू आधीच वळलास," ती म्हणाली.

"कुणाला कळलं नाही."

"कसं कळेल? मीही वळले ना."