दुभंगलेल्या विलोखालची माती

मार्च लागला की आमच्या ब्लू टिंबर गावात नदीवरचा बर्फ वितळू लागतो आणि त्याच्याबरोबर लिअँडर कोपेकीचा माणसांवरचा विश्वासही. हिवाळाभर तसा बरा असतो तो. खाटकाचं दुकान विकून घरी बसलेला, गुडघे चोळत बायकोच्या हातचे कोलाचे, म्हणजे प्लम भरलेले गोड पाव, खाणारा साधा माणूस. पण फ्लोरिडातले सराव सामने रेडिओवर सुरू झाले की त्याच्या भुवया ज्या वर चढतात, त्या ऑक्टोबरपर्यंत खाली उतरत नाहीत.

लिअँडर स्वतः बेसबॉल कधी खेळला नाही. तळपाय सपाट. पण गावच्या संघात त्याचा एक वाटा होता: बॉलला माती चोळायचा. नवा बॉल चकचकीत असतो, तो टाकणाऱ्या पिचरच्या बोटांतून साबणासारखा निसटतो. म्हणून सामन्याआधी त्याला ओली माती चोळून त्याची चकाकी उतरवायची. हे सगळीकडेच करतात. पण लिअँडरची माती निराळी. लोण्यासारखी मऊ, आणि पकड अशी, की एकदा हात जरा सढळ पडला तर आमच्या पिचरच्या हातून बॉल सुटेना. फेकता फेकता तो स्वतःच बॅट्समनपर्यंत गेला आणि अंपायरने त्यालाच स्ट्राइक, म्हणजे अचूक पडलेला बॉल, म्हणून मोजला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या शेजारी बसलेला माणूस पुढे वारला, नाहीतर त्यालाही विचारता आलं असतं.

ही माती कुठून येते ते फक्त लिअँडरला ठाऊक. नदी मोकळी झाली की एका पहाटे तो निघायचा, तोही उलटा चालत. कुणी माग काढलाच तर त्याला वाटावं, माणूस नदीकडून आलाय, गेलेला नाही. कॉफीचा जुना डबा भरून आणायचा आणि पहिल्या सामन्यापर्यंत तळघरात मुरत ठेवायचा.

त्या वर्षी मात्र तो डबा काखोटीला मारून, चक्क सुलटा धावत माझ्या अंगणात आला. आमच्या दोघांमध्ये एका कुंपणाचंच काय ते अंतर.

"बूट दाखव!"

"आधी कॉफी तरी घे."

"बूट दाखव म्हणतो ना! माझ्या जागेवर पावलं उमटलीत. ही एवढी! गावात पायात होड्या घालून तूच एकटा हिंडतोस."

"माझे बूट घरात नाहीत. उसने दिलेत."

"कुणाला?"

"एका सभ्य माणसाला."

"या गावात? सभ्य?" तो पायरीवर मटकन बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "समोरच्या संघाला, त्या साउथ हार्लनवाल्यांना, ती जागा कळली ना, तर मी कोण रे? बाकावर बसून शेंगा फोडणारा आणखी एक म्हातारा. बास."

मला वाईट वाटलं. पण बूट कुणाला दिले ते सांगणार नाही, असा शब्द दिलेला होता. मी कॉफी पीत राहिलो आणि संशयितांत माझं नाव पहिलं लागलं.

तिथून तो थेट इर्विन न्हाव्याकडे. इर्विनचा मेहुणा साउथ हार्लनचा कॅचर, म्हणजे शंकेला भरपूर जागा. मी मागोमाग गेलो, दाढीच्या निमित्ताने.

"इर्विन, खरं सांग," लिअँडर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "नोवोत्नीच्या मक्याच्या शेतामागे नदी वळते, तिथे त्या दुभंगलेल्या विलोच्या झाडाखाली तू गेला होतास की नाही?"

"नाही बुवा. काय आहे तिथे?"

"काही नाही! माती तर मुळीच नाही."

इर्विनची कात्री हवेत थांबली. "माती?"

"मी माती म्हटलं? बघ, तूच आधी माती म्हणालास!"

इर्विनने त्याचे केस उरकले ते इतक्या घाईत, की डावी बाजू राहिलीच. तसाच अर्धा भादरलेला लिअँडर चर्चमध्ये पापनिवेदनाला गेला. जाळीपलीकडे फादर ह्रूबी.

"फादर, या आठवड्यात कुणी माती चोरल्याचं कबूल केलं का?"

"लिअँडर, इथे कबुली तू द्यायची असते."

"मी कशाला चोरीन? माझीच माती! विलोखालची! नोवोत्नीच्या शेतामागची!"

कबुलीच्या रांगेत बाहेर अर्धं गाव उभं होतं, आणि लिअँडरचा आवाज म्हणजे खाटकाच्या दुकानात गिऱ्हाइकांना हाका मारून कमावलेला.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत होती. लिअँडर प्रत्येकाला बशी देताना त्याची नखं तपासत होता. टपालवाल्या बाईची नखं काळी, शाळामास्तरांची काळी, इर्विनची तर विचारूच नका. तो टेबलाशी आला तेव्हा चेहरा बटाट्यासारखा पडलेला.

"व्लास्ता, सगळे त्यातले आहेत. सगळे!"

त्याची बायको शांतपणे माशाचे काटे काढत होती. "त्यातले नव्हते रे. तू केलेस. घरोघर जाऊन पत्ता कोणी दिला?"

लिअँडरने घास खाली ठेवला. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

रविवारी तो पुन्हा नदीवर गेला. विलोखाली डुकरं लोळून गेल्यासारखा खड्डा. काठावर साउथ हार्लनची हिरवी टोपी पडलेली. तो घरी आला आणि रेडिओ बंद करून टाकला. एप्रिलभर कोपेक्यांच्या घरातून सामन्याचा आवाज आला नाही. गावाला वाटलं, कुणीतरी गेलं.

"यंदा मी बॉल चोळणार नाही," असं त्याने जाहीर केलं.

"डबा भरलेला आहे ना तळघरात?" व्लास्ता म्हणाली. "मग चोळ मुकाट्याने. कुरकुर मोसम संपल्यावर कर."

पहिला सामना साउथ हार्लनशीच होता. आमच्या लीगचा एकमेकांवर विश्वास एवढा, की प्रत्येक संघ आपापले बॉल आणतो, आपापली माती चोळतो आणि आपलेच बॉल टाकतो. हिरव्या टोप्यांचा मॅनेजर मुद्दाम लिअँडरसमोर येऊन उभा राहिला. हातात बादली.

"काय कोपेकी! ओळखीची आहे का?"

लिअँडरने मान वळवली.

आणि मग त्यांच्या पिचरने पहिला बॉल टाकला. तो निघाला बॅट्समनकडे, अर्ध्या वाटेत त्याचं मन बदललं, आणि सॉसेजच्या गाडीवर जाऊन मोहरीत पडला. दुसरा बॅट्समनच्या पाठीमागून वळसा घालून पुन्हा पिचरकडे निघाला. अंपायरने तिसरा हातात घेतला, बोट फिरवलं आणि दूर भिरकावला. "कातडं खरवडलंय. हा बाद. हाही बाद." बघता बघता त्यांची पेटी रिकामी झाली. शेवटी तोच मॅनेजर टोपी काढून आमच्याकडे बॉल मागायला आला. लिअँडरने एकेक बॉल मोजून दिला आणि परत घेताना एकेकाचा वास घेतला. सामना आम्ही किती धावांनी जिंकला ते सांगत नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

"माती एकाच खड्ड्यातली," इर्विन डोकं खाजवत म्हणाला, "मग आमच्या मेहुण्याची अशी आणि तुझी तशी, हे कसं?"

"हात लागतो, इर्विन. हात!" लिअँडरची छाती दारात मावत नव्हती.

संध्याकाळी मी कुंपणाशी उभा होतो. दोन महिने माझे बूट मागायची सोय नव्हती, कारण कुंपणावर लिअँडरची पाळत. आज तो गावकऱ्यांच्या घोळक्यात अडकला असेल अशा हिशेबाने व्लास्ता बूट घेऊन आली.

"नदी दोन पुरांपूर्वीच सरकली," ती हळूच म्हणाली. "विलोखाली आता नुसती वाळू येते. त्याच्या नजरेला तो फरक दिसत नाही, आणि मी सांगितलं तर त्याचा वर्षाचा सण जाईल. म्हणून तुझे बूट घालून विलोवरून पुढे जाते, खरी भरते, आणि डब्यातली बदलते."

"पुढे म्हणजे कुठे?"

तिने सांगितलं. मी सांगणार नाही.

तेवढ्यात मागे पाऊल वाजलं. लिअँडर. त्याने व्लास्ताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. ते उचलून उलटे केले. तळव्याच्या खाचांत माती सुकली होती. निळसर करडी, कण नसलेली. त्याने नखाने काढली, थुंकी लावून बोटांत चोळली. बराच वेळ चोळत राहिला.

मग त्याने तोंड उघडलं. ते तोंड मला ठाऊक होतं, आता प्रश्न येणार. कुठून, केव्हापासून, कुणाच्या सांगण्यावरून.

त्याने ते मिटलं.

अंगणातला नळ सोडला, गुडघे धरत खाली बसला आणि माझे बूट घासायला लागला. खाच न् खाच काडीने कोरली. पाणी निवळ येईपर्यंत सोडलं नाही. मग बूट कुंपणावरून माझ्या हातात दिले.

"असे बूट उघड्यावर टाकत जाऊ नकोस, म्हाताऱ्या," तो व्लास्ताकडे न बघता म्हणाला. "लोक फार संशयी असतात."